सरळ तारेने वाकडा पंख: स्पिटफायरचं टोक सुटलं!

सुटलं एकदाचं! माझ्या फोमच्या स्पिटफायर मॉडेलच्या पंखाची टोकाकडची ट्रेलिंग एज, म्हणजे मागची कड, गरम वायरने अखंड गोलाईत कापली गेली. भोक नाही, लाट नाही, आणि डावा-उजवा पंख एकमेकांवर ठेवला तर कडा जुळतात. मागच्या नोंदीत, ही कड काही केल्या नीट कापली जात नाही म्हणून, जो रडका सूर लावला होता तो मागे घेतो. पण ज्या रस्त्याने सुटलं तो मी तेव्हा मांडलेल्या बेतांपैकी एकही नव्हता, म्हणून हे सविस्तर.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. आपल्या कॉम्बॅट ग्रुपचा नियम: खऱ्याच्या 1:12 मापाचं दुसऱ्या महायुद्धातलं विमान, मागे क्रेप कागदाचा स्ट्रीमर (फीत), उडताना दुसऱ्याचा कापायचा. शहाणी माणसं मेसरश्मिट 109 किंवा फोके-वुल्फ 190 घेतात. पंख जवळजवळ सरळ निमुळता. फोमच्या दोन टोकांना पंखाच्या छेदाची टेम्प्लेट लावली, त्यांवरून गरम वायर ओढली, संध्याकाळच्या चहाआधी पंख तयार. मला स्पिटफायरच हवं. खऱ्याचा स्पॅन (पंखांची टोक ते टोक लांबी) 11.23 मीटर, म्हणजे आपला 93.6 सेंमी. रूट कॉर्ड, म्हणजे बुडाशी पंखाची रुंदी, 21.2 सेंमी. आणि पंख लंबवर्तुळाकार.

लंबवर्तुळाची गंमत आकड्यांत बघा. अर्ध्या पंखावर कॉर्ड अजून 18.4 आहे, म्हणजे फारसं काही घडलेलंच नाही. तीन चतुर्थांशावर 14. नव्वद टक्क्यांवर 9.2. आणि उरलेल्या पावणेपाच सेंटिमीटरमध्ये थेट शून्य! सगळा वाकडेपणा शेवटच्या चतकोरात कोंबलेला. त्यात स्पिटफायरची लीडिंग एज (पुढची कड) बऱ्यापैकी सरळ जाते, गोलाईचा मोठा वाटा ट्रेलिंग एजच्या माथी. म्हणजे फोम जिथे सगळ्यात पातळ, तिथेच सगळ्यात वाकडा.

गरम वायर सरळ असते, ती दोन टेम्प्लेटमधली सरळ रेषाच कापणार. म्हणून आजवर आपण सगळेच पंखाचे तुकडे करत आलो: रूट ते अर्धा, अर्धा ते पाऊण, पाऊण ते नव्वद. आतले दोन तुकडे मुकाट्याने निघतात. तिसऱ्याने मात्र जीव काढला.

कारण साधं आहे. एका बाजूला वायरला 14 सेंमी जायचंय, दुसऱ्या बाजूला 9.2, आणि दोन्ही टोकांनी एकाच वेळी पोचायचंय. म्हणजे टिपकडे (पंखाच्या टोकाकडे) वायर दीडपट हळू. हळू वायर जास्त वितळवते. टाकाऊ तुकड्यांवर मोजलं: सेकंदाला 4 मिमी वेगाने कर्फ (वितळून पडलेल्या फटीची रुंदी) 0.9 मिमी, 2.6 मिमी वेगाने 1.4. अर्धा कर्फ टाकाऊ बाजूला जातो, अर्धा पंखातून. वरचा आणि खालचा कट मिळून टिपकडे पंख अर्धा मिलिमीटर जास्त पातळ होतो. ऐकायला काहीच नाही. पण तिथे ट्रेलिंग एजच्या दीड सेंमी अलीकडे सगळी जाडीच 3 मिमीच्या आसपास आहे! तिथून पुढे ईपीपी (आपला लवचिक फोम) आक्रसतो, तंतू सुटतात, आणि हातात येते ती कुरतडलेली कड.

दोऱ्या आणि वजनाची दांडी लावून बघितली. आडव्या दांडीवर 14 आणि 9.2 च्या प्रमाणात दोऱ्या बांधल्या की दोन्ही टोकं आपोआप प्रमाणात सरकतात, हाताची थरथर जाते. कट देखणा झाला, पण टिपकडचा जास्तीचा कर्फ जागच्या जागी. तो हाताचा दोष नव्हताच, वेगाच्या फरकाचा होता. मग टिपचं टेम्प्लेट तेवढं फुगवून बनवलं. थर्मोकोलवर झकास. ईपीपीवर लावलं तर फोमच्या दुसऱ्या शीटला हिशोब पुन्हा चुकला, कारण घनता बदलली की कर्फ बदलतो. प्रत्येक शीटमागे नवं टेम्प्लेट बनवत बसायला मी काही कारखाना काढलेला नाही.

इथे आमच्या गल्लीतले सुतारकाका मदतीला आले, त्यांच्या नकळत. ते एका गोल टीपॉयच्या कडेला सनमायकाची पट्टी चिकटवत होते. उभी पट्टी, हाताने हळूहळू वळवत आणलेली, एकसारखी गोल. मी बघतच राहिलो. "काका, असले तुकडे उरतात का?" "पोतंभर आहेत, घेऊन जा की. कशाला पाहिजेत?" विमानाला म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं ते इथल्या प्रत्येकाला घरून ठाऊक आहे.

तर डोक्यात आलं ते असं. आपण वायर कायम पंखाच्या लांबीला समांतर धरतो आणि लीडिंग एजकडून ट्रेलिंग एजकडे ओढतो. ती काटकोनात का धरू नये? पंखाच्या पुढच्या भागात फुगवटा आहे, तिथे हे जमणार नाही. पण मागचा भाग वरून-खालून जवळजवळ सपाटच उतरत जातो. म्हणजे वायर कॉर्डच्या दिशेला धरायची आणि रूटकडून टिपकडे न्यायची!

मग पंख उभा दुभागला. पुढचा भाग नेहमीच्या पद्धतीने, तुकड्या-तुकड्याने, नेहमीच्या टेम्प्लेटवर. मागचा भाग वेगळा ब्लॉक. त्याच्या पुढच्या सरळ कडेला सनमायकाची एक पट्टी उभी, वरची धार त्या-त्या ठिकाणच्या जाडीप्रमाणे उतरती घासलेली. ट्रेलिंग एजच्या बाजूला दुसरी पट्टी, पाटावर काढलेल्या लंबवर्तुळावरून वळवून टाचण्या आणि लाकडी ठोकळ्यांनी पक्की केलेली. वायर या दोन धारांवर टेकवायची आणि पुढच्या पट्टीला काटकोनात ठेवत सरकवायची. झालं. ट्रेलिंग एजची गोलाई आता पट्टीत आहे, वायरला तिच्याशी देणंघेणं नाही.

फायदे हात घातल्यावरच कळले. दोन्ही टोकांचा वेग जवळजवळ सारखा, त्यामुळे कर्फही सारखा. जिथे पट्टी जोरात आत वळते तिथेच किंचित फरक पडतो. दुसरं, फोममध्ये बुडालेली वायर रूटला जेमतेम 13 सेंमी आणि पुढे कमीकमीच होत जाते. लांब वायर मधोमध मागे रेंगाळते ना, तो लॅग इथे दिसतसुद्धा नाही.

बो (वायर ताणून धरणारी चौकट) छोटा करताना व्होल्टेज मात्र सांभाळा. 26 एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं गेज) नायक्रोमला मीटरमागे साधारण साडेसहा ओहम. 60 सेंमीच्या बोला 12 व्होल्टवर 3 अँपिअर जातात. तीच वायर 30 सेंमी घेतलीत आणि 12 व्होल्टच ठेवलेत तर 6 अँपिअर, वायर लालभडक. अर्धी लांबी, अर्धं व्होल्टेज. मी बक कन्व्हर्टरवर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) 6 व्होल्टला लावून तिथून खाली-वर करतो.

क्रम असा ठेवा: आधी खालचा कट, मग वरचा, आणि खालची टाकाऊ शेल फेकू नका, वरच्या कटाला तीच गादी. पट्ट्यांच्या धारा 400 च्या पेपरने घासून वर पेन्सिलचं शिसं फिरवा, वायर अडकत नाही. ट्रेलिंग एजला 2 मिमी जाडी राहू द्या. दीडच्या खाली गेलात की ईपीपी पुन्हा रडवतो. टोकाचे शेवटचे तीनेक सेंमी मी कापतच नाही, सँडिंग ब्लॉकने गोल करतो.

वॉशआउट, म्हणजे टिपकडे पंखाचा कोन कमी करणारा पीळ, यात जवळजवळ फुकट मिळतं. खऱ्या स्पिटफायरला रूटशी अधिक 2 अंश आणि टिपला उणे अर्धा, म्हणजे एकूण अडीच अंशांचा पीळ. इथे मागच्या पट्टीची धार टिपकडे थोडी उचलायची, की ट्रेलिंग एज वर येते. तीन चतुर्थांशावर हे पाच मिलिमीटरच्या आतच बसतं. पुढचा भाग सरळच राहतो, त्यामुळे हा शुद्ध पीळ नाही, शेपटी वर वळवल्यासारखं आहे. पण टिप आधी स्टॉल होऊ (उचल गमावू) न देण्याचं काम तेही करतं. कमी उंचीवर कचकन वळताना पंख टाकणारं स्पिटफायर मला पुन्हा नकोय.

आता खोट. मागचा भाग "जवळजवळ" सपाट म्हणालो, त्या जवळजवळची किंमत. एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) रूटला नाका (NACA) 2213, टिपला 2209.4. पुढच्या-मागच्या भागांमधली फाट कॉर्डच्या 40 टक्क्यांवर घेतली तर रूटशी वरचा फुगवटा सुमारे दोन मिलिमीटर कमी पडतो. खाली जेमतेम एक मिलिमीटर, ते सोडून द्या. टिपकडे कॉर्डच लहान, तिथे हा फरक नगण्य. उडताना कुणाच्या बापाला कळणार नाही, पण पंखावर पट्टी टेकवली की मला दिसतं.

आधी ठरवलं होतं की रूटचा अर्धा भाग जुन्याच पद्धतीने करायचा आणि नवी पद्धत फक्त बाहेरच्या अर्ध्याला. पण मग अर्ध्या पंखावर ट्रेलिंग एजला कोपरा दिसतो, कारण आतला तुकडा सरळ आणि मधे खरी गोलाई 7 मिमी बाहेर. हे लिहिता लिहिता सुचतंय: फाट 40 ऐवजी 50 टक्क्यांवर का नको? हिशोब मांडला तर रूटची खोट दोनवरून दीडच्या आत येते, वायर आणखी आखूड होते, आणि स्पारला (पंखाच्या आतल्या कण्याला) फाटीत न बसवता पुढच्या जाड भागात खाचा पाडून नीट बसवता येतं. फाटीची रेषा तेवढी टिपकडे थोडी पुढे कलती घ्यावी लागेल. पुढचा पंख असाच. तयार पट्ट्या वाया जाणार, जाऊ देत, पोतं भरलेलं आहे.

सामानाविषयी. नायक्रोम पुण्यात पासोड्या विठोबाच्या गल्लीतूनच घ्या, मीटरवर मिळते आणि गेज सांगितलं की तोच देतात. ईपीपी ही वेगळीच डोकेदुखी. एका ऑनलाइन दुकानाने ईपीपीच्या नावाखाली सरळ ईपीई पाठवला, तो पॅकिंगमधला मऊ पांढरा. बोटाने दाबला तर दबूनच राहतो, वायर लावली की चिकट. परत घ्यायला तयार नाहीत, वर "सर, सेम मटेरियल है" आहेच. त्यापेक्षा चाकणकडच्या भंगारात गाड्यांच्या सुट्या भागांचे ईपीपीचे ट्रे बघा. काळे असतात, घनता जास्त असते, पण सपाट जाड भाग मिळाला तर सोनं. वजनाची फार चिंता नको: 20 किलो प्रति घनमीटरवाला घेतला तर अख्ख्या पंखाचा फोम 45 ग्रॅमच्या आसपास, 30 वाला 65 च्या पुढेमागे. कॉम्बॅटला मी 30 च घेईन. जोडाला फेविबाँड, दोन्ही बाजूंना लावून सुकू द्या आणि मग दाबा. थर्मोकोलवर चुकूनही नको, विरघळतो.

109 वाला मित्र हे सगळं बघून म्हणाला, "अरे, टोकं छाटून टाक की. क्लिप्ड विंग स्पिटफायर खरोखर होतं." होतं, मान्य. खालच्या उंचीवर रोल चपळ व्हावा म्हणून टोकं काढलेली स्पिटफायर युद्धात उडालीच, आणि कॉम्बॅटला तीच जास्त योग्य, हेही मान्य. पण मग तो पंख कापायचा कशाला? गोल टोकाचं स्पिटफायर वळताना खालून दिसतं तेवढ्यासाठी तर हा खटाटोप चाललाय. त्याचा स्ट्रीमर कापला की बोलू.

पुढचं काम: 50 टक्के फाटीच्या पट्ट्या, आणि एक नवीन खूळ. जाड नायक्रोम, 18 एसडब्ल्यूजी, हलकी कमान देऊन वळवली तर ती ताणाशिवायच आकार धरेल आणि वरचा फुगवटा तिच्यातच येईल. अडचण करंटची. इतकी जाड आणि 20 सेंमी लांब वायर म्हणजे 0.2 ओहमसुद्धा नाही, 15 अँपिअर तरी लागतील, आणि कॉर्ड कमी होत जाईल तशी कमानही बदलायला हवी. त्यामुळे ती बहुधा रूटकडच्या अर्ध्यालाच चालेल. कुणाकडे 2-3 व्होल्टचा, 20 अँपिअर देणारा जुना ट्रान्सफॉर्मर पडून असेल तर सांगा. आणि लीडिंग एजच्या तुकड्यांचे जोड ईपीपीवर न दिसता घासायची युक्ती कुणाला जमली असेल तर तीही, माझे अजून टेपखालून दिसतात.