तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रभर कंपाइल कशाला?

"सर, मिंट अर्ध्या तासात बसतं. मग तुम्ही नेटबीएसडी सोर्सपासून बांधत रात्र रात्र का जागता?" स्टाफरूममध्ये विचारून झालं, वाळपईच्या बाजारात झालं, सासुरवाडीला पंगतीत वाढता वाढताही झालं. आजवर हसून वेळ मारून नेली. आता लिहूनच टाकतो. मिंट आणि नेटबीएसडी या दोन्ही फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम. सोर्स म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर; तो मशीनला चालेल अशा रूपात बदलणं म्हणजे कंपाइल करणं, आणि ते करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर.

वेगासाठी नाही. पेंटियम फोरवर स्वतः कंपाइल केलेलं आणि तयार उतरवलेलं, मला तरी फरक जाणवलेला नाही. सुरक्षेसाठीही नाही. पूर्वी मी तेच ठोकून द्यायचो: "सोर्स माझ्यासमोर आहे, आत काय आहे ते मला दिसतं." काय दिसतं? लाखो ओळी कोण वाचतो? आणि कंपायलरच फितूर असेल तर सोर्स कितीही स्वच्छ असून उपयोग नाही, हे युनिक्स सिस्टिम घडवणाऱ्यांपैकी केन थॉम्पसननं १९८४ सालीच दाखवून ठेवलंय. नेटबीएसडी कुठंही बांधलं तरी बाइट न् बाइट तेच निघावं अशी सोय आहे, म्हणजे दोघांना आपापलं ताडून बघता येतं. मी कधी कुणाशी ताडून बघितलं? नाही.

आता लॅबचं प्रकरण. शाळेतले जुन्या पिढीच्या प्रोसेसरचे, म्हणजे ३२-बिट कॉम्प्युटर भंगारात काढायचं चाललं होतं. उबंटू, फेडोरा या सिस्टिमनी ३२-बिटला केव्हाच रामराम ठोकलेला. नेटबीएसडी अजून सांभाळतं. कमिटीला म्हटलं, एकदा दाखवू द्या. जेनेरिकमधली, म्हणजे सरसकट सगळ्या मशीनसाठीच्या यादीतली, नको ती ड्रायव्हर उडवून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बारीक केला आणि आदल्या रात्री घरच्या पीसीवर अख्खं रिलीज, म्हणजे पूर्ण सिस्टिम, बांधायला लावून दिलं. ही बिल्ड स्क्रिप्ट आधी स्वतःचा कंपायलर बांधते, मग त्यानं बाकीचं सगळं, त्यात पुन्हा एकदा कंपायलर. या दुसऱ्या फेरीत जीसीसी, म्हणजे तोच कंपायलर, बांधणं चालू होतं आणि करंट गेला. मृगाचा पाऊस, आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नवल नाही.

पहाटे करंट आला. झालेलं पुन्हा करू नको, असा 'मायनस यू' लावून पुढं चालू केलं. बराच वेळ सुरळीत, मग कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर अडला: अमुक ऑब्जेक्ट फाइल (म्हणजे असा एक तुकडा) ओळखता येत नाही. बघतो तर शून्य बाइट. करंट गेला तेव्हा फाइलचं नाव डिस्कवर पोचलं होतं, मजकूर पोचला नव्हता. काय बांधायचं राहिलं ते ठरवणारं 'मेक' बघतं फक्त तारीख-वेळ; फाइल नवी दिसली की काम झालं समजतं. शून्य बाइटच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली हुडकून पुसल्या, पुन्हा लावलं, आणि सीडी घेऊन भिजत शाळेत पोचलो.

चाललं. लॉगिन आलं, खिडक्या उघडल्या. एक सदस्य वाकून बघत म्हणाले, "मास्तर, हातूंत एक्सेल खंय आसा?" दुसऱ्यांनी तुमचाच प्रश्न विचारला: घरी बनवलंत, ते कशाला? मी सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर भाषण सुरू केलं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याचा टेम्पो आला.

मुलांना परीक्षेला स्प्रेडशीट होतं, त्यांचं काही चुकलं नाही. राग मात्र अजून आहे. कारण त्या शून्य बाइटबद्दल कमिटीला सांगायचं राहिलं. आधी काय बनतं, कशाच्या जिवावर पुढचं बनतं, हे हाताखालून गेलेलं होतं म्हणून पहाटे पाच वाजता कुठं बघायचं ते कळलं. मिंट बिघडलं तर मी मिंट पुन्हा बसवतो; दुसरं काही सुचतच नाही.

यावर बायको म्हणते, "मग कळलं ना एकदा? आता पुन्हा पुन्हा कशाला?" तिला द्यायला उत्तर नाही. आवडतं म्हणून, एवढंच म्हणावं, तर मास्तरकीत वर्षं गेलेल्या माणसाला ते कारण म्हणून लिहवत नाही. सध्या नेटबीएसडी १० बांधतोय. कुणाच्याच लॅबसाठी नाही. यूपीएस तेवढा घेतलाय.