शांतारामबापू मोठे की दामले-फत्तेलाल?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. गेली काही वर्षं मी कॉलेजातल्या मुलांना प्रभात फिल्म कंपनीचे जुने चित्रपट दाखवतो आणि नंतर त्यांच्याशी बोलत बसतो. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शक-जोडीचा ‘संत तुकाराम’ संपला, दिवे लागले, की थोड्या वेळात कुणीतरी हात वर करतंच: सर, मग शांताराम मोठे की दामले-फत्तेलाल?

प्रभातचा एकच चित्रपट जवळ ठेवायची मुभा असेल, तर मी ‘संत तुकाराम’ ठेवीन. पण मोठा दिग्दर्शक कोण म्हणाल, तर शांतारामबापू, म्हणजे व्ही. शांताराम. ही दोन्ही उत्तरं मी मनापासून देतो आणि मुलांना ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतात.

आधी ‘तुकाराम’बद्दल. १९३६ साली आलेला हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा खास गौरव झाला. त्यातली आवली आठवा. पोर आजारी आहे, नवरा अभंगात रमलेला आहे. ती पोराला फरफटत देवळात नेते आणि थेट विठोबावर पायताण उगारते. गौरीबाईंनी ही आवली अशी उभी केलीय की ती कुठल्याही गावात शेजारी राहत असेल असं वाटावं. मी हा प्रसंग किती वेळा पाहिला असेल याचा हिशोब नाही, पण दिग्दर्शक कुठे उभा आहे ते मला अजून सापडलेलं नाही. तुकारामाच्या तोंडचं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिलं, तरी लोक तो तुकोबांचाच अभंग समजतात. त्या चित्रपटात सगळेच आपापली सही पुसून बाजूला झालेत.

शांतारामबापूंची सही मात्र फ्रेमफ्रेमवर असते. ‘कुंकू’ घ्या, १९३७चा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा, घरातलं घड्याळ, आरसा. पार्श्वसंगीत अजिबात नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे. त्या काळात हे करायला छाती लागत होती. प्रत्येक जागी कळतं की हे कुणीतरी ठरवून केलंय. ज्यांना साधेपणा आवडतो त्यांना हे खुपतं. मला खुपत नाही.

आणि एक गोष्ट मुलांना माहीतच नसते. ही तिघंही बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडली. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात निघाली तेव्हा तिघंही भागीदार होते. ‘अयोध्येचा राजा’चं दिग्दर्शन शांतारामबापूंचं, पण त्याचा आवाज दामलेमामांचा आणि नेपथ्य साहेबमामा फत्तेलालांचं. त्यामुळे कुणाची प्रतिभा कुठे संपते आणि कुणाची सुरू होते, हे प्रभातच्या बाबतीत रेघ मारून दाखवता येत नाही.

मग शांतारामबापूंना झुकतं माप का? कारण ते थांबले नाहीत. दामले-फत्तेलाल या जोडीच्या नावावर ‘तुकाराम’, ‘गोपाळकृष्ण’, ‘ज्ञानेश्वर’, ‘सखू’ आणि त्याआधीचा मूकपट ‘कर्ण’ असे मोजकेच चित्रपट आहेत. १९४५ साली दामलेमामा गेले. आज ही जोडी आपल्याला तिच्या सर्वांत चांगल्या कामावरून आठवते. शांतारामबापूंचा पहिला चित्रपट १९२७चा, शेवटचा १९८७चा. साठ वर्षं. या साठ वर्षांतला उतारही आपण पाहिला आणि समीक्षकांनी तो नोंदवून ठेवला. ‘नवरंग’नंतरचं बरंचसं काम भडक आहे असं म्हणतात. माझंही मत तेच आहे. पण त्या भडकपणाचा डाग ‘कुंकू’वर, ‘माणूस’वर, ‘शेजारी’वर पाडला जातो, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. जो लवकर गेला त्याचं शिखर मोजायचं आणि जो टिकला त्याची सरासरी काढायची, ही मोजणी मला मान्य नाही.

टिकणं म्हणजे काय, ते १९५५ नंतर पाहा. ‘झनक झनक पायल बाजे’ रंगीत होता आणि तुफान चालला. दुसरा कुणी असता तर त्याच वाटेने गेला असता. बापूंनी पुढचा चित्रपट काढला तो कृष्णधवल, सहा खुनी कैदी आणि एका तुरुंगाधिकाऱ्याचा. ‘दो आँखें बारह हाथ’. अधिकाऱ्याची भूमिका स्वतः केली. चित्रीकरणात बैलाशी झुंजताना डोळ्यांना इजा झाली, कित्येक दिवस पट्ट्या बांधून पडून राहावं लागलं. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९५८ साली या चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं.

त्याच १९५५ साली फत्तेलालांनीही एक चित्रपट दिग्दर्शित केला होता, ‘जगद्गुरू शंकराचार्य’. जोडीदार जाऊन दहा वर्षं झालेली, प्रभातही बंद पडलेली. त्याबद्दल मला आजवर एकाही मुलाने विचारलेलं नाही. कुणी विचारावं, असं फार वाटतं.