आमची वाटचाल : दोनशे मेलेली रोपं आणि एक पान

आमच्या धंद्याची सुरुवात दोनशे मेलेल्या रोपांनी झाली. मार्चमध्ये घाऊक बाजारातून बेगोनियाच्या कुंड्या आणल्या. गुलाबासारखी भरगच्च, केशरी-पिवळी फुलं. सोसायटीत दोन दिवसांत साठेक खपल्याही. एप्रिल लागला आणि देठ काळे पडून लोळायला लागले. सदाशिव पेठेतले एक काका मेलेलं रोप कुंडीसकट घेऊन दारात उभे. पैसे परत केले. उरलेली रोपं डोळ्यांदेखत गेली.

चूक आमचीच होती. ती एलाटिअर बेगोनिया होती : एकीकडून दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंड डोंगरांतल्या कंदवाल्या जाती, दुसरीकडून येमेनच्या सोकोत्रा बेटावरची हिवाळ्यात फुलणारी जात, असा तिचा संकर. पुण्याचा उन्हाळा तिला सोसणारच नव्हता. ती डिसेंबर-जानेवारीत आणावी, फुलं बघावीत आणि निरोप द्यावा. हे आज मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते. विक्री थोडी कमी होते, होऊ दे.

त्या राड्यातून वाचलं ते एकच रोप, रेक्स बेगोनिया. सासूबाईंनी ते स्वयंपाकघरात माठाशेजारी ठेवलं होतं. माठ पाझरतो, आजूबाजूची हवा जरा ओलसर राहते, खिडकी पूर्वेची, त्यामुळे कडक ऊन नाही. रेक्स मूळची आसामकडची. 1850च्या दशकात ती युरोपात पोचली आणि तिथल्या लोकांना रंगीत पानांचं वेड लागलं. माठाशेजारी तिला आपलं रान आठवलं असावं.

एका रोपाचा धंदा होत नाही, पण रेक्सच्या एका पानापासून होतो. निरोगी, पुरतं वाढलेलं पान घ्यायचं, अळूवडीसाठी ठेवतो तसं पाटावर उलटं ठेवायचं आणि जाड शिरांवर ब्लेडनं चिरा द्यायच्या. मग ते सुलटं करून ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, दाबून बसवायचं. वर चार खडे, मिठाईच्या पारदर्शक डब्याचं झाकण. डब्यात पाणी साचलं तर पान कुजतं. कोकोपीट मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघावा, इतपतच ओलं हवं. सहा ते आठ आठवड्यांत चिरांपाशी नखाएवढी रोपं दिसतात. पहिल्या डब्यात अकरा आली. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवत होत्या, बारसं असल्यासारखं.

तरी मोठी झालेली रोपं मुळाशी सडतच होती. उत्तर मिळालं ते पावसाळ्यात, ताम्हिणी घाटात. कातळाच्या कपारीत, बोटभर शेवाळात आमच्याकडची रानटी बेगोनिया फुललेली. अंगावरून पाणी वाहतंय, पण मुळाशी थांबत नाही. परत आल्यावर बागेची लाल माती बंदच केली. आता निम्मं कोकोपीट, उरलेल्यात परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), भाताचं तूस आणि थोडं गांडूळखत. कुंडी पसरट, खोल नाही.

पाण्याचं म्हणाल तर ‘रोज किती घालू?’ या प्रश्नाला सासूबाईंचं उत्तर ठरलेलं : “अगं, कुंडी उचलून बघ की. हलकी लागली तर घाल.” मी त्यात एवढंच जोडते, की पानांवर फवारू नका. दमट, कोंदट हवेत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते. पांढरे डाग दिसले की ती पानं काढून टाकायची आणि कुंड्या एकमेकींपासून दूर करायच्या. हवेत ओलावा हवा असेल तर परातीत खडे आणि पाणी, त्यावर कुंडी. तिचं बूड मात्र पाण्याला लागता कामा नये.

आज गच्चीवर शेडनेटखाली तीसेक जाती आहेत. विकायच्या आधी प्रत्येक रोप महिनाभर आमच्या घरातल्या साध्या हवेत राहतं. तिथं जे टिकतं तेच विकतो. एप्रिल-मेमध्ये कुरिअर बंद. या नियमापायी दर उन्हाळ्यात गल्ला रिकामा, आणि नवऱ्याशी माझं एक भांडण ठरलेलं.

सदाशिव पेठेतले काका अजून येतात. ठिपक्यांची उंच बेगोनिया त्यांच्याकडे आता छताला टेकली आहे. छाटायला सांगितलं, तर म्हणाले, “तुम्हीच या. माझा हात होत नाही.”