पाठांतर अपडेट: बायरनची 'शी वॉक्स इन ब्यूटी'

मंडळी, सध्या इंग्रज कवी लॉर्ड बायरनची ही कविता घेतलीये. सहा-सहा ओळींची तीनच कडवी, यमक पक्कं, त्यामुळे पाठ पटकन होते, घोळ सगळा म्हणताना.

पहिली ओळ 'लाइक द नाइट'वर संपते आणि तिथे थांबलात की संपलं, नुसता काळोख उरतो. एका श्वासात पुढच्या 'स्टारी स्काइज'पर्यंत गेलात तरच ती निरभ्र चांदण्यांची रात्र होते. किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल, जून १८१४, लंडनमधली पार्टी, बायरनच्या आतेभावाची बायको अ‍ॅन विल्मट शोकाच्या काळ्या ड्रेसमध्ये आली आणि ड्रेसवर चमचमत्या टिकल्या. म्हणजे ते तारे थेट त्या ड्रेसवरून उचललेत असं म्हणतात, आणि मला ते पटतं.

चौथ्या ओळीत खरी गंमत. तोपर्यंत आधी हलकं मग जोरात अशी चाल लागलेली असते आणि अचानक 'मीट' (भेटतात) या पहिल्याच शब्दावर जोर येतो, चाल अडखळते, आणि नेमकं तिथेच तिचा चेहरा नि डोळे पहिल्यांदा येतात. अंधार-उजेड तिच्यात भेटतात असं बायरन म्हणतो ना, ती भेट कानाला कळते. तिथे मी मुद्दाम अर्धा क्षण जास्त घेतो.

बाकी नीट बघा, तिची उंची नाही, कपडे नाहीत, नाव नाही, ती एक शब्द बोलत नाही, करते काय तर फक्त चालते. डोळे, काळेभोर केस, गाल, कपाळ, हसू, आणि चेहऱ्यावर पडलेला उजेड, बस. एक छटा जास्त किंवा एक किरण कमी झाला तरी बिघडलं असतं म्हणतो, आणि दिवसाच्या उन्हाला तर भडक म्हणून कटवतोच, बाकीचे कवी प्रेयसीला सूर्य करत सुटलेले असताना हे मला जाम आवडतं.

तिसरं कडवं मात्र थोडं खटकतं. एका संध्याकाळी बघितलेल्या बाईला मन शांत, प्रेम निष्पाप, दिवस चांगुलपणात गेलेले, असा डायरेक्ट चारित्र्याचा दाखला! आणि देणारा कोण, तर प्रेमप्रकरणांसाठी बदनाम बायरन 😄

संगीतकार आयझॅक नेथनच्या चालींसोबत १८१५ मध्ये आलेली आहे ही, त्यामुळे गाण्यासारखी वाहते, पण शेवटच्या ओळीला उद्गारचिन्ह आहे आणि जोर दिला की भाषण वाटतं, आवाज उतरवला की ओळ पडते. तुम्ही कशी घेता?