खुणेचं इंजेक्शन

स्तनाचा कॅन्सर आहे हे बायोप्सीच्या आधीच चेहऱ्यांवरून कळलं होतं. रिपोर्टमध्ये मला अडकवलं ते शेवटच्या ओळीने: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू २+. पहिल्या दोन हार्मोनच्या खुणा, तिसरी पेशींवरच्या एका प्रथिनाची. डॉक्टर म्हणाले, "३+ असतं तर पॉझिटिव्ह, १+ असतं तर निगेटिव्ह धरलं असतं. २+ म्हणजे मध्येच लटकलेलं. फिश तपासणी करावी लागेल."

फिश म्हणजे पेशीतल्या हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी. तिच्यासाठी पुन्हा सुई टोचत नाहीत. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो, तोच मोठ्या लॅबला जातो. पण तो ब्लॉक पहिल्या लॅबमधून सोडवताना आमच्या ह्यांच्या अमळनेर-धुळे चकरा झाल्या. दर वेळी "साहेब नाहीत, उद्या या". त्या लॅबची पावती फाइलला टाचून ठेवा, एवढंच सांगते.

फिश पॉझिटिव्ह आली. स्तनाच्या शंभर कॅन्सरांपैकी साधारण १५ ते २० असे असतात. त्या पेशींच्या अंगावर हर-टू नावाचं प्रथिन बेसुमार असतं आणि त्यामुळे त्या भराभर वाढतात. त्यावरचं औषध ट्रास्टुझुमॅब. अमेरिकेत ते १९९८ मध्ये आलं, आणि २०१४ पासून भारतीय कंपन्यांचं बायोसिमिलर, म्हणजे त्याच्याच तोडीचं स्वस्त औषध, मिळू लागलं. ते नसतं तर आमच्या कपाशीच्या पैशांत हे जमलंच नसतं.

हे औषध नेमकं करतं काय, ते मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. बिचाऱ्यांनी ओपीडीच्या गर्दीतही समजावलं. रस्ता रुंद करताना तोडायच्या निंबाला आधी रंगाची फुली मारतात, मग कुऱ्हाडवाले येतात, तसं. औषध हर-टूला चिकटून वाढीचा निरोप अडवतं, हे एक काम. दुसरं, त्याची शेपटी बाहेर राहते आणि तीच फुली. ती ओळखून रक्तातल्या नॅचरल किलर पेशी त्या पेशीला मारतात, मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिला गिळतात. या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशी, आपल्या अंगात आधीपासून असतातच. २००० साली उंदरांवर हे तपासलं गेलं होतं. ज्या उंदरांच्या पेशींना ती शेपटी पकडताच येत नव्हती, त्यांच्यात औषधाचा बराचसा असर गेला.

हे कळल्यावर एक फायदा झाला. गल्लीतल्या एका ओळखीच्या बाईंनी "इम्युनिटी वाढवणारी" पावडर आणली होती, डब्याला चांगले पैसे सांगत होत्या. माझ्या पेशी कमी पडत नव्हत्या, त्यांना कुणावर जायचं ते दिसत नव्हतं. डबा परत केला. सासूबाईंना राग आला, आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या.

पहिला डोस सावकाश, दीड तास चालतो. मला मध्येच थंडी वाजून दात वाजायला लागले. सिस्टरांनी ठिबक थांबवली, इंजेक्शनं दिली, अंगावर दोन ब्लँकेट टाकली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली. पहिल्या डोसला असं बऱ्याच जणींना होतं, पुढे सहसा होत नाही. मलाही झालं नाही.

खरी कसोटी मे महिन्यात. कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची आणि बाहेर ऊन ४४-४५. औषध जळगावच्या स्टॉकिस्टकडून घेऊन धुळ्याला न्यायचं होतं. थर्मोकोलच्या पेटीत आइस पॅक, त्यावर घडी घातलेला टॉवेल, मग कुपी. टॉवेल अशासाठी की कुपी बर्फाला टेकून गोठली तर तीही बाद. आणि हलवायची नाही. एसटीत ती पेटी मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "काय शे वं बेटा, कुल्फी का?"

सोबतची किमो पांढऱ्या पेशी पाडते. सगळ्यात आधी न्यूट्रोफिल, म्हणजे त्याच जन्मजात फौजेतले. ते वाढवायची इंजेक्शनं पोटात घेतली की कंबर आणि मांड्यांची हाडं अशी ठणकायची की बाळंतपण आठवावं. ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असो, सण असो, फोन करायचा, घरी क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही. हा नियम ह्यांनी फ्रिजवर लिहून चिकटवला होता.

किमो संपली, ऑपरेशन झालं, तरी हे इंजेक्शन दर २१ दिवसांनी चालूच, एकूण साधारण वर्षभर. दर तीन महिन्यांनी टू-डी एको, कारण औषध हृदयाचं पंपिंग कमी करू शकतं. माझं ६२ टक्क्यांवरून ४८ वर आलं. डोस थांबवला, हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या. जिना चढताना धाप लागायची ती मी उन्हावर ढकलत होते. आकडा वर आल्यावर उरलेले डोस पूर्ण केले.

आता पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायला कातडीखाली बसवलेली डबी, काढलाय. दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी दरवर्षी, तपासणी ठरल्या तारखांना. ओपीडीत नव्या बायका फाइल उघडून दाखवतात, तेव्हा मी आधी हर-टूची ओळ बघते. २+ दिसलं की विचारते, "फिश पाठवली का?"