उदक, नीरु, पाणी

आमच्या शाळेचे मोठे गॅदरिंग डिसेंबरात होते. मांडव घालतात, पडदा बांधतात, बक्षिसे वाटतात. तेही मला आवडते, पण जीव गुंतलाय तो फेब्रुवारीतल्या मेळाव्यात. २१ तारखेचा मातृभाषा दिन आणि २७ चा मराठी भाषा गौरव दिन, यांच्या मधला एखादा दिवस आम्ही धरतो. मांडव नाही, माइक नाही. वऱ्हांड्यात चटया, आंगणात खुर्च्या, लिहायला दोन फळे, आणि पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, आदल्या दिवशी सांगून ठेवलेले उंडे, म्हणजे गोल पाव.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली ही सरकारी मराठी प्राथमिक शाळा. मी इथेच शिकले, आणि बदल्या होत होत पुन्हा इथेच शिकवायला आले.

माझ्या घरी बोलणे कोंकणीत. पेपर मराठी, पोथी मराठी, गणेश चवथीला घुमटावर, म्हणजे आमच्या मातीच्या वाद्यावर, म्हणायच्या आरत्या मराठी. आजी आम्हाला रागावायची कोंकणीत आणि देवापुढे बसली की मराठीत. यात काही वेगळे आहे असे कुणाला वाटत नसे. मग राजभाषेचा वाद पेटला. मी तेव्हा तिसरीत होते. वडील मराठीच्या बाजूने, काका कोंकणीच्या. एका छपराखाली राहणारे दोन भाऊ कितीतरी दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. ४ फेब्रुवारी १९८७ ला विधानसभेत राजभाषा कायदा मंजूर झाला. देवनागरीतली कोंकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामात मराठीही वापरता येईल अशी तरतूद झाली. आमच्या घरातला अबोला मात्र त्या वर्षीच्या चवथीला सुटला. आरतीला घुमट वाजवणारे घरात काकाच होते. वडिलांनी आरती धरली आणि काकांनी न बोलता घुमट उचलले.

म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी पहिल्यांदा असा मेळावा भरवायचे काढले तेव्हा मला धाकधूक होती. पुन्हा कुणी कुणाची भाषा मोजायला बसले तर? बाई म्हणाल्या, "मोजायचे नाही. प्रत्येकाने घरचा एक शब्द आणायचा. तेवढेच."

सुरुवातीला बाई ढाक्याची हकिकत सांगत. २१ फेब्रुवारी १९५२ ला बांगला भाषेला राजभाषेचा मान मिळावा म्हणून रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, मुले गेली. पुढे बांगलादेशाच्या पुढाकाराने युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस जाहीर केला आणि २००० पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. पहिली-दुसरीची मुले हे ऐकताना अगदी गप्प होत. भाषेसाठी कुणी मरते हे त्यांना नवे असे. मला ते नवे नव्हते. आमच्या गोव्यातही राजभाषेच्या आंदोलनात माणसे गेली आहेत.

पहिल्या वर्षीचा शब्द होता 'पाणी'. फळ्यावर आधी 'पाणी' लिहिले. एका मुलाने त्याखाली 'उदक' लिहिले आणि बाईंनी तिथेच त्याला थांबवून विचारले, "भटजी पूजेला काय म्हणतात? उदक सोडा. म्हणजे तू घरी रोज पितोस तो शब्द मराठीने देवघरात जपून ठेवलाय." त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. घरचे बोलायचे आणि शाळेत आवरायचे असे त्याला तोवर वाटत असावे. मलाही लहानपणी तसेच वाटायचे.

मग दक्षिण गोव्यातल्या साष्टीतून लग्न होऊन आमच्या गावात आलेल्या एका बाईंनी रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, तेच लिहिले, उच्चार 'उदोक'. त्यांचे माहेर राशोलजवळचे. राशोल म्हटल्यावर फादर स्टीफन्स आलेच. इंग्लंडात जन्मलेला हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, त्याने मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचले आणि १६१६ मध्ये ते राशोलला रोमी लिपीत छापले गेले. आणि त्यानेच कोंकणीचे व्याकरणही लिहिले. दोन्ही भाषांवर एवढी माया करणारा परका माणूस चारशे वर्षांपूर्वी इथे होऊन गेला, हे मी दरवर्षी मुलांना सांगते. कधीच कंटाळत नाही.

पोर्तुगीज अमदानीत शिकलेल्या एका आबांनी 'आग्वा' सांगितले आणि वर बटाटा, चावी, पगार, अननस हेही पोर्तुगीजांकडचेच म्हणून बजावले. मुलांना ते पटेना. बटाटा परका कसा?

मग आली चिरेखाणीवर आणि बांधकामावर कामाला आलेल्यांची मुले. आमच्या पटावर आता अशी बरीच आहेत. एका मुलाने 'नीरु' सांगितले. मी खूश होऊन म्हटले, कवितेतल्या नीराचा हा भाऊ. त्याच्या शेजारी दुसरीतली एक मुलगी उभी होती. वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी. तिचे गाव कर्नाटकातले म्हणून प्रवेशाच्या वेळी 'मातृभाषा' या रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'कन्नड' लिहिले होते. विचारले नव्हते. मी तिला म्हटले, "तुझेही नीरुच ना?" तिने मान हलवली. "नाही टीचर. आमच्यात पाणी म्हणतात."

लमाणी होती ती. तिची बोली राजस्थानीच्या नात्यातली, मराठीच्याच मोठ्या कुळातली. त्या दिवशी फळ्यावर तिचा आणि मराठीचा शब्द एकच निघाला आणि मी तिला वर्षभर न बोलणारी मुलगी म्हणून वागवत होते. संध्याकाळी पटाची वही काढली आणि ती नोंद दुरुस्त करायला बाईंकडे गेले. तेव्हापासून प्रवेशाच्या दिवशी पालकांना मी आधी विचारते, घरी काय बोलता?

खाणे सगळ्यांनी घरून आणायचे. पातळ भाजी, खतखते, ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. मग फुगडी. लमाणी बायकाही गोल धरून नाचतात, त्यामुळे त्यांना आमचा फेर शिकवावा लागला नाही.

पुढच्या वर्षीचा शब्द होता 'आई'. आवय, मांय, अव्वा अशी फळ्यावर रांग लागली. ती मुलगी आता तिसरीत होती. तिला आपला शब्द कुठल्या लिपीत लिहायचा ते कळेना. बाई म्हणाल्या, कोंकणीसुद्धा पाच लिप्यांत लिहितात, तुला येते त्यात लिही. तिने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'याडी'. मी वाचले तर म्हणाली, "तसे नाही टीचर, असे," आणि मला दोनदा म्हणून दाखवले. मग सगळ्या शाळेने एकदम हाक मारली, "याडी!"

दारापाशी, कामावरून तशीच आलेली, अंगावर चिऱ्याची तांबडी धूळ असलेली तिची आई उभी होती. तिने ओ दिली.