आमची वाटचाल : उद्यमबागेतली मातीवाली लॅब

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या लाइनीत सगळी लेथ आणि फाउंड्रीवाली मंडळी, त्यात आमचा मायक्रोबायोलॉजीचा गाळा, त्यामुळं सुरवातीला लोकं रक्त तपासायला यायची. पैसा यायचा, अजूनही येतो, तो चिकोडी-अथणीकडच्या ऊसवाल्यांना जिवाणू खत विकून.

अँटिबायोटिकचा नाद लावला मावसबहिणीनं, तीच आता पार्टनर. पीएचडी करून आली आणि म्हणाली, दादा, 1943 ला स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक मातीतल्या जिवाणूतनंच मिळालं की, आणि खानापूर-जांबोटीची माती आपल्या दारात असताना नुसतं खत काय विकतोस. मी म्हटलं, अगं जगानं माती खरवडून झालीय, तेच तेच सापडतंय. तर म्हणे, जागं होतं ते सापडलं, झोपलेलं राहिलंय. खरं आहे ओ ते. 2002 ला स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या मातीतल्या जिवाणूचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए वाचून, छापून आला, त्यात असली रसायनं बनवणारे 20 च्या वर जीन क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या जीनचे गट) निघाले, आधी माहीत होते ते मोजकेच. बरेचसे लॅबमध्ये बंदच राहतात, आयतं खाणं मिळतंय, मग जिवाणू कशाला बनवेल ते.

आम्ही माती (भीमगड अभयारण्यातली नाही, मालकाला विचारून शेत-परड्यातली) वाळवून गरम करतो, बाकीचे बरेच जिवाणू मरतात, स्पोरवाले, म्हणजे टणक बीजाणू करणारे, टिकतात. प्लेटवर खडूसारख्या कॉलनी येतात, वास पहिल्या पावसाचा. सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं) बाहेरनं, मग बंद क्लस्टरच्या पुढं क्रिस्परनं, म्हणजे डीएनए कापून बदलायच्या तंत्रानं, सतत चालू राहणारा प्रमोटर (जीनचं बटण) बसवायचा, त्यासाठीचा डीएनए ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूकडनं आत पोचवायचा. म्हणायला सोपं, पण यांच्या डीएनएत जीसी (जी आणि सी ही घट्ट जुळणारी अक्षरं) 70 टक्क्यांच्या वर, डीएनएच्या प्रती काढायचा साधा पीसीआरसुद्धा रुसून बसतो. आणि जीन बदललेल्या जिवाणूंच्या 1989 च्या नियमाप्रमाणं बायोसेफ्टी (जैवसुरक्षा) कमिटी आधी, काम नंतर.

स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) या रोगजंतूच्या प्लेटवर मस्त झोन, म्हणजे जंतू मेल्याचं मोकळं वर्तुळ, आला की सगळी खूश, मग रसायन ओळखणाऱ्या मास स्पेक मशीनचा रिपोर्ट येतो, जुनंच रसायन. बहुतेक वेळा हेच.

औषध आम्ही काढणार नाही. अमेरिकेतल्या एकाओजेन कंपनीचं अँटिबायोटिक 2018 ला पास झालं आणि 2019 ला कंपनी दिवाळखोरीत, कारण नवीन अँटिबायोटिक डॉक्टर राखून ठेवतात, खप कुठनं होणार. म्हणून आम्ही जागे केलेले स्ट्रेन (जिवाणूंचे वाण) आणि त्यांचे अर्क रिसर्च लॅबना देतो. बँकेच्या साहेबांना हे काय पटलं नाही, लोन मिळालं ते खताच्या फर्मेंटरवरच (जिवाणू वाढवायची टाकी). लॅबचा छोटा फर्मेंटर वेगळ्या खोलीत, दोन्हीकडची एक नळीसुद्धा इकडं-तिकडं होऊ देत नाही बहीण, मग कितीबी अर्जंट ऑर्डर असू दे.